यंत्राचा वेग नेमका किती, हे व्याहीबुवांना कळवण्याबाबत

आदरणीय व्याहीबुवा,

आम्हा दोघांचा आपणा उभयतांना वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कंबर परवानगी देईल तितकेच, मनाने मात्र पूर्ण वाकलो आहे असे समजावे.) आपली प्रकृती कशी आहे? गुडघ्याला लावायचे तेल मिळाले का? विहीणबाईंचा खोकला कमी झाल्याचे इकडे फोनवरून समजले. तिकडून फोन आला की तो पाऊण तास आमच्या हिच्या कानाला असतो आणि मला शेवटी "ते बरे आहेत" एवढा सारांश मिळतो. तो खरा धरून मी निर्धास्त होतो, म्हणजे होण्याचा प्रयत्न करतो. माझे म्हणाल तर डाव्या कानात अधूनमधून शिट्टी वाजते. डॉक्टरांनी पाहिले आणि सहा महिन्यांनी या म्हणाले. एवढ्या लांबची तारीख दिली म्हणजे आजार किरकोळ असावा, किंवा घाई करून उपयोग नसावा. दोन्ही बाजूंनी विचार करून मी दमलो आहे.

मागच्या पत्रातल्या माझ्या अकरा चुका लाल शाईने दुरुस्त करून आपण ते पत्र परत पाठवलेत, त्याबद्दल आभारी आहे. आपण तीस वर्षे मुख्याध्यापक होता, हात आवरत नाही हे मी समजू शकतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतच, आणि तेही सातवीने मला सोडले म्हणून थांबले. पुढे पाणीपुरवठ्यात मीटर वाचायला लागलो. अडतीस वर्षे लोकांच्या अंगणात ओणवा होऊन, लोखंडी झाकण उचलून, कोळी झटकून आकडे लिहिले. अक्षरांशी माझे फारसे जमले नाही, पण आकड्यांशी कधी बिनसले नव्हते. ते या महिन्यात बिनसले, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

बारकीचा निरोप आपल्यालाही आला आहे, कारण तो तिने "आजोबा आणि आजोबा" असा दोघांना मिळूनच पाठवला होता. (बारकी आता माझ्यापेक्षा चार बोटे उंच झाली आहे, पण एकदा तोंडात बसलेले नाव उंची बघून बदलता येत नाही.) आपल्या लेकीची लेक आणि माझ्या लेकाची लेक, म्हणजे हक्क निम्मा-निम्मा. तरी गेल्या सुट्टीत ती आपल्याकडे एकवीस दिवस राहिली आणि आमच्याकडे चार. मी मोजत नव्हतो. कॅलेंडरवर खुणा हिने केल्या होत्या, मी फक्त बेरीज केली. तर या खेपेला तिने लिहिले की, तुमच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर कोणता आणि त्याचा स्पीड किती ते दोघांनी कळवा, काळी खिडकी उघडून एल-एस-सी-पी-यू एवढी पाच अक्षरं टाइप केली की सगळं दिसतं, सुट्टीत कुणाकडे यायचं ते त्यावरून ठरवते. आता कॉलेजात शिकणारी मुलगी, तिच्यामागे तिचे काम, ती जास्त वेगाच्या यंत्राकडेच जाणार, हे सातवीवाल्यालाही कळते. मुख्याध्यापकांना तर कळलेच असेल, कारण चारच दिवसांत आपले पत्र आले. त्यात आपण दोन गोष्टी विचारल्यात. एक, आपली काळी खिडकी उघडत नाही, ती कशी उघडावी. दोन, माझा आकडा किती आला, "केवळ कुतूहल म्हणून". आपल्या कुतूहलाचा मी आदर करतो.

(हे सगळे फोनवर सांगता आले असते. पण मीटर वाचणाऱ्याने आकडा तोंडी देऊ नये असा आमच्या खात्याचा दंडक होता. तोंडी दिलेला आकडा ऐकणाऱ्याच्या सोयीने बदलतो.)

आपल्याला आठवत असेल, ही दोन्ही यंत्रे मुलाच्या ऑफिसातून एकाच दिवशी निघाली. ऑफिसला नवीन आली, जुनी दोन म्हाताऱ्यांना आली. आपले खोके चारही कोपऱ्यांनी धड होते. माझ्या खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. मी तेव्हा काही बोललो नाही. आजही बोलत नाही, फक्त नोंद करतो.

निरोप आल्याबरोबर मी पहिले काम माझ्या पद्धतीने केले. यंत्र भिंतीपासून ओढले, बॅटरी घेतली, गुडघ्यावर बसलो आणि तबकडी शोधली. ज्याचा वेग मोजायचा त्याला कुठेतरी काच असणार, काचेमागे काटा असणार, असा माझा समज. मागे भोके होती, भोकात धूळ होती, काटा नव्हता. म्हणजे तो आत असणार. पेचकस आणला. पहिल्याच स्क्रूवर कागदाचे गोल सील चिकटवलेले, आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिलेले की हे फाटले तर जबाबदारी आमची नाही. व्याहीबुवा, मी अडतीस वर्षांत सील तोडलेले एकशेचार मीटर पकडले आहेत. त्यात एक न्यायाधीश होते आणि एक आमचेच साहेब होते. "वाऱ्याने तुटले" असे मला तोंडावर सांगितलेल्या माणसांची मी नावे लिहून घेतलेली आहेत. तो मी, स्वतःच्या घरात, हिच्या देखत, सील कसे तोडणार? पेचकस हातात धरून मी बराच वेळ बसून राहिलो. शेवटी ही म्हणाली, "अहो, तोडायचं नसेल तर उठा तरी, मला तिथून झाडू मारायचाय." तेव्हा उठलो. म्हणजे उठायला सुरुवात केली.

मग काळ्या खिडकीला शरण जाण्यावाचून मार्ग राहिला नाही. आपली उघडत नाही म्हणता म्हणून सांगतो, कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणे एकदम दाबायची. माझे तिसरे बोट ऐन वेळी कच खाते, म्हणून टीचे बटण मी हिच्याकडे सोपवले. "एक, दोन, तीन" म्हटले की दाबायचे असे ठरले. ती दोनला दाबायची. "तीनला म्हटलं होतं," मी म्हणालो. "तुम्ही तीनवर पोचेपर्यंत माझी भाजी लागेल," ती म्हणाली. पाचव्या खेपेला मी "एक" म्हणतानाच माझी दोन बटणे दाबून ठेवली आणि खिडकी उघडली. काळी कुळकुळीत. वर हिरव्या अक्षरात माझे नाव, त्यापुढे डॉलरचे चिन्ह, आणि त्याच्या पुढे एक पांढरा चौकोन लुकलुकत उभा. दारात उभ्या राहिलेल्या माणसाने पाय वाजवावा तसा. मला असे कोणी वाट बघत उभे राहिले की काही सुचत नाही. डॉलरचे चिन्ह पाहून तर मी दोन दिवस त्या खिडकीच्या वाटेला गेलो नाही. न जाणो, दर अक्षरामागे परदेशात काहीतरी नोंद होत असेल.

तिसऱ्या दिवशी धीर केला. सरकारी अर्ज नेहमी मोठ्या लिपीत भरायचा म्हणून पाचही अक्षरे मोठी टाइप केली. असा हुकूम सापडला नाही, असे उत्तर आले. लहान करून पाहिली. तरीही सापडला नाही. पुन्हा केली, पुन्हा तेच. माझ्या हातून काय बिघडते आहे ते मला दुपारपर्यंत कळेना. मग चष्मा पुसून नीट पाहिले तर दर खेपेला मी शेवटी पूर्णविराम देत होतो. वाक्य संपले की पूर्णविराम, हे मला चौथीत उभे करून शिकवले होते आणि तेवढे एकच नीट बसले आहे. त्या काळ्या खिडकीला ते चालत नाही. आपण इतकी वर्षे मुलांना जे शिकवलेत त्याच्या बरोबर उलट तिथे चालते, तेव्हा आपल्याला जरा जड जाईल असे वाटते. (मी आपल्या अडचणीचा विचार करून लिहितो आहे, आनंद होऊन नव्हे.)

पूर्णविराम काढला आणि सगळी माहिती भराभर खाली उतरली. पंचवीसएक ओळी. त्यातल्या निम्म्या कशासाठी आहेत ते मी विचारले नाही, कारण मीटरवरही मधला एकच आकडा आपल्या कामाचा असतो, बाकी सगळे बनवणाऱ्याचे कौतुक. पण एका ओळीत लिहिले होते की आत प्रोसेसर चार आहेत, आणि खालच्याच ओळीत ते शून्य ते तीन असे मोजले होते. आपण असता तर इथे लाल पेन उघडले असते. मी मात्र हुकलो नाही. मीटर शून्यापासूनच सुरू होतो; शून्य, एक, दोन, तीन, झाले चार. अख्ख्या प्रकरणात मला पहिल्या झटक्यात कळलेली ही एकच गोष्ट, म्हणून मुद्दाम सांगितली.

पुढे नावाची ओळ होती. कंपनीचे नाव, मग गाडीच्या नंबरासारखी काही अक्षरे आणि आकडे, आणि शेवटी २.४०, पुढे गिगाहर्ट्झ. म्हणजे दोन हजार चारशे मेगाहर्ट्झ. किलो आणि ग्रॅमसारखाच हिशेब आहे. मी खूश होऊन कागदावर उतरवून घेतला. आणि मग त्याच्या दोन ओळी खाली नजर गेली. तिथे पुन्हा वेग लिहिला होता, मेगाहर्ट्झमध्ये, आणि तो होता पंधराशे शहाण्णव.

मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून वजाबाकी केली. कपाळावर दोन हजार चारशे लिहिलेले आणि प्रत्यक्षात येतात पंधराशे शहाण्णव. मग मधले आठशेचार कुठे जातात? टाकीतून निघालेले पाणी आणि घरी पोचलेले पाणी यात फरक पडला तर आमच्या खात्यात त्याला एकच शब्द होता. गळती. मी हिला हाक मारून सांगितले की यंत्राला गळती आहे. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "बादली देऊ का?"

गळती शोधायची रीत ठरलेली आहे. घरातले सगळे नळ एकेक करून बंद करायचे आणि दर वेळी मीटरकडे बघायचे. मी तेच केले. गाणी लावलेली होती ती बंद केली आणि पाच अक्षरे टाइप केली. तेराशे. इंटरनेटची खिडकी मिटली, अक्षरे टाइप केली. अकराशे. बारकीचा फोटो उघडा होता तोही मिटला (तिच्या दुसरीतल्या दोन वेण्यांचा आहे तो). नऊशे. सगळे, सगळे बंद करून हात मांडीवर ठेवून बसलो. मग हळूच टाइप केले. आठशे. व्याहीबुवा, जितके नळ बंद करावे तितकी गळती वाढते, असे माझ्या सगळ्या नोकरीत घडले नव्हते. मी यंत्राला कान लावला. उजवा, शिट्टी न वाजणारा. आत कसलेसे मंद घुं घुं चालले होते, कोणी झाकून श्वास घ्यावा तसे. माझी खात्रीच झाली की ते शेवटच्या घटका मोजते आहे, आणि चेपलेल्या कोपऱ्यातूनच काय ते निसटून गेले असणार. एकीकडे यंत्राची काळजी, दुसरीकडे आपले धड खोके डोळ्यांपुढे. दुपारचे जेवण गेले नाही. (म्हणजे गेले, पण चव लागली नाही.)

त्या दिवसापासून मी यंत्राला एक पुठ्ठ्याचे कार्ड सुतळीने बांधले आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ आकडे नोंदवायला लागलो. तारीख, वेळ, आकडा, शेरा. आठ दिवसांत, रात्रीच्या तीन जादा धरून, सत्तावीस नोंदी झाल्या. त्यातून जे दिसले ते विचित्र होते. मी आल्या आल्या, खुर्चीत टेकायच्या आत टाइप केले तर आकडा दोन हजारांच्या घरात. शांत बसून पाच मिनिटांनी टाइप केले तर आठशे. म्हणजे माझी चाहूल लागली की हे धावायला लागते आणि मी स्थिर झालो की मान टाकते. साहेबाच्या बुटांचा आवाज आला की फायली चाळणारे कारकून मी पाहिलेले आहेत, पण एवढ्या तत्परतेचे नव्हेत. एक दिवस मी चप्पल बाहेर काढून, भिंतीकडेने, श्वास धरून आत गेलो. उपयोग झाला नाही. हिने मागून विचारले, "कुणाला पकडताय?" आणि मी दचकून टेबलाला आपटलो. कार्डाच्या शेऱ्याच्या रकान्यात त्या दिवशी तिच्या अक्षरात लिहिलेले आहे: वाचणारा सैल, मीटर ठीक.

शेवटी कार्ड सोडवून घेतले आणि गल्लीच्या टोकाला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत त्यांच्याकडे गेलो. पन्नाशीच्या असतील. चष्मा दोरीने गळ्यात, आणि समोर कोणाचे तरी यंत्र पोट उघडून ठेवलेले. मी त्यांना कार्ड दिले आणि आजार किती दिवसांचा आहे ते सांगितले. त्यांनी सत्तावीसच्या सत्तावीस नोंदी वाचल्या. हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांना मानतो.

"काका, काम नसलं की तो सावकाश चालतो. काम पडलं की जोरात. वीज वाचवतो आणि तापत नाही. आजार काही नाही त्याला."

"मग गळती?"

"कसली गळती? तुम्ही घरात दिवसभर धावत असता का?"

मी म्हणालो की मी धावत नाही, पण माझ्या कपाळावर कोणी दोन हजार चारशे लिहून ठेवलेले नाही. यावर त्या मात्र हसल्या. मग त्यांनी विचारले की वेगाच्या ओळीखाली आणखी दोन ओळी असतात, कमाल किती आणि किमान किती, त्या वाचल्यात का. मी वाचल्या नव्हत्या. मीटर वाचणारा आकडा मिळाला की झाकण लावून पुढच्या घरी जातो, तो खाली काय लिहिले आहे ते बघत उभा राहत नाही. घरी येऊन पाहिले तर खरेच: कमाल दोन हजार चारशे, किमान आठशे. आठ दिवस हे उत्तर माझ्या नाकाखाली दोन बोटांवर होते. मी निघताना त्यांना आणखी एक शंका विचारली होती, की आत चार आहेत तर चौघांचा मिळून वेग चौपट धरावा का. (चार घरांचे चार मीटर असले तर आम्ही बेरीज करायचो.) त्या म्हणाल्या, "चार माणसं एकत्र फिरायला गेली तर ती चौपट वेगानं पोचतात का, काका?" मी म्हणालो, आमच्या घरातली चार माणसे निघाली तर चौपट वेळ लागतो. तेवढ्यावर विषय मिटला.

आजार नाही हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला आणि बुद्धी कामाला लागली. काम पडले की धावतो, तर काम पाडायचे. आज सोमवार. सकाळी मी दोन सिनेमे एकदम लावले, इंटरनेटच्या अकरा खिडक्या उघडल्या, सगळे फोटो एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात हलवायला सांगितले आणि कॅल्क्युलेटरला एक लांबलचक गुणाकार दिला. यंत्राच्या आतला पंखा असा घोंघावू लागला की ही हात पुसत बाहेर आली आणि खिडकीतून वर आकाशाकडे बघू लागली. त्या धुमश्चक्रीत पाच अक्षरे टाइप केली. दोन हजार तीनशे चौऱ्याण्णव. लगेच तो आकडा, प्रोसेसरच्या नावासकट, बारकीला पाठवून दिला. यात फसवणूक नाही. नळ चालू असताना घेतलेला आकडाही खराच असतो. तरी पाठवल्यावर थोडा वेळ मी आरशासमोरून गेलो नाही, हे खरे आहे.

असो. पत्र लांबले. खिडकी कशी उघडावी ते वर आले आहे. विहीणबाईंना आमचा नमस्कार, आणि बारकी कुणाकडेही आली तरी ती आपलीच नात आहे, हे आपण दोघांनी मनात धरावे. (ज्याच्याकडे येणार नाही त्याने जरा जास्त धरावे.)

आपला,
इकडचा आजोबा

ता. क. एक राहिले. मोजण्यापूर्वी यंत्राला चांगली विश्रांती द्यावी. म्हातारे यंत्र आहे, धावपळीत आकडा खरा येत नाही. सगळ्या खिडक्या मिटाव्यात, गाणी बंद करावीत, दहा मिनिटे हात मांडीवर ठेवून बसावे, आणि मग हलक्या बोटांनी टाइप करावे. जो आकडा येईल तो विचार न करता बारकीला कळवावा. मी अनुभवाने सांगतो आहे.

ता. क. २. आज मंगळवार. पत्र अजून पेटीत टाकले नाही हे बरे झाले. वरचा ता. क. वाचू नये. वाचला असल्यास विसरावा. शांतपणे घेतलेला आकडा आळशी असतो आणि त्यात यंत्राचा अपमान आहे. आपण कृपया दोन सिनेमे लावून, निदान आठ-दहा खिडक्या उघडून, पंखा घोंघावू लागल्यावरच मोजावे. जितका मोठा येईल तितका बारकीला कळवावा. आपल्या खोक्याचे चारही कोपरे धड होते, तेव्हा तो माझ्यापेक्षा मोठाच येणार, आणि त्याचे मला मनापासून समाधान वाटेल. मीही तिला कळवले आहे की माझा कालचा आकडा गडबडीत घेतला गेला होता, खरा आकडा आठशे आहे. हा बदल का, ते विचारू नये.

ता. क. ३. आज बुधवार. आपले दुसरे पत्र आत्ताच हातात पडले आणि विचारण्या-न विचारण्याचा प्रश्न मिटला. म्हणजे बारकी वेगवान यंत्राकडे नव्हे, तर जे सगळ्यात सावकाश चालते त्याच्याकडे येणार, ते उघडणार, त्यात नवे भाग घालणार आणि ते घर सोडून सुट्टीभर कुठे जाणार नाही, हे विहीणबाईंनी आपल्याला रविवारीच सांगितले होते. मला आमच्या हिने काल सांगितले. तिलाही रविवारपासून ठाऊक होते. "तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही कार्ड लिहीत होता," असे तिचे म्हणणे पडले.

आपण आपला आकडा रविवारीच कळवलात, सातशे अठ्ठ्याण्णव (किमान आठशे म्हटले तरी आकडा दोन-तीनने मागेपुढे होतोच). बारकीने आपल्याकडे यायचे नक्की केले. आपली काळी खिडकी उघडत नव्हती ती उघडली, हे वाचून आनंद झाला. ती कधी खरोखर बंद होती का, हे मी विचारत नाही. प्रोसेसरचे नावही आपण लिहिले आहे, ते अक्षरन् अक्षर माझ्याच यंत्राचे आहे. पत्र वाचून मी आत गेलो आणि शेवटचे एकदा टाइप केले. माझ्या यंत्रावर त्या वेळी सातशे सत्त्याण्णव होते. आपल्यापेक्षा एक कमी. तो आकडा मी बारकीला कळवलेला नाही. एकाच यंत्राचे दोन आकडे मी तिला आधीच दिले आहेत, दोन्ही माझ्या सोयीचे. तिसरा द्यायला तोंड राहिले नाही. अडतीस वर्षांत मी हे कोणाला करू दिले नव्हते.

तेव्हा हरलो, आणि खरे मागणे काय ते आता सरळ लिहितो. सुट्टीतले सात दिवस आम्ही दोघे आपल्याकडे राहायला येऊ का? अंथरूण-पांघरूण आमचे आणू. ही विहीणबाईंना स्वयंपाकात मदत करील, आणि फोनचा पाऊण तास समोरासमोर होईल. मी कोणाच्या मध्ये येणार नाही. बारकी यंत्र उघडून बसली की मी बाजूला स्टुलावर बसेन आणि सांगेल तेव्हा बॅटरी धरेन. बॅटरी माझी आहे. आपणही बसावे, दोन बाजूंनी दोघे, म्हणजे तिला उजेड पुरेल.

टपालाने हे पत्र पोचून उत्तर यायला आठवडा जाईल आणि बारकी तर शुक्रवारी येते आहे. म्हणून ते पेटीत टाकत नाही, उद्याच्या गाडीने स्वतःच घेऊन येत आहे. दार उघडल्यावर आधी एवढे वाचून घ्यावे. आपले वाचून होईपर्यंत आम्ही पायरीवर बसतो.